केनेमाला गेलेली माझी विद्यार्थिनी

२०२२ची रमजान ईद होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. मगरिबची नमाज पढून मी पडवीत बसलो होतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे आईवडील आले. ईदच्या वेळी भेट झाली नव्हती म्हणून आले असतील असे मला वाटले. पण चहा झाला तरी दोघे काही बोलेनात. शेवटी तिच्या आईने विषय काढला.

"सर, ती आफ्रिकेत जायचं म्हणतेय. नऊ महिने. कुठल्या तरी जंगलातल्या हॉस्पिटलात. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. तुमचं ती ऐकते."

ही मुलगी २००६ साली आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतून दहावी झाली. मी तिला मराठी शिकवले. उर्दू शाळेतून पुढे इंग्रजी विज्ञान शाखेत गेलेल्या मुलींना पहिले सहा महिने काय सोसावे लागते ते आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. तिने ते सोसले. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस केले, बाँडचे एक वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात काढले, मग बालरोगात एमडी केले. कोविडच्या वर्षी मुंबईत वॉर्डात राबली. आमच्या मोहल्ल्यातली ती पहिली एमडी. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात मी तिचे उदाहरण देतो.

आता तिला एका आंतरराष्ट्रीय संस्थेतर्फे सिएरा लिओनला जायचे होते. पश्चिम आफ्रिकेतला छोटा देश. तिथल्या केनेमा जिल्ह्यात मुलांच्या रुग्णालयात काम. पगार म्हणावा असा नाही, खर्चापुरते मानधन. मुंबईच्या खासगी रुग्णालयातली चांगली नोकरी सोडून जाणार. वय एकतीस, लग्न व्हायचे. एक स्थळ चालून आले होते, ते लोक थांबायला तयार नव्हते.

तिच्या आईवडिलांना मी म्हणालो, "मी बोलतो." खरे सांगायचे तर त्यांच्या सांगण्यावरून मी बोललो नाही. मला स्वतःलाच राग आला होता. त्या रागाचे कारण सांगण्यासाठी मला पस्तीस वर्षे मागे जावे लागेल.

१९८७च्या जुलैत माझी धाकटी बहीण वारली. ती पाच वर्षांची होती, मी दहा वर्षांचा. तीन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला झटके आले. आमच्या गावातून तालुक्याला जायला तेव्हा नदी ओलांडावी लागे, पूल नव्हता. पाऊस इतका की होडीवाला नाही म्हणत होता. अब्बांनी त्याचे पाय धरले तेव्हा त्याने होडी काढली. पलीकडून चादरीच्या झोळीत घालून तिला नेले. मी मागून तिची चप्पल हातात घेऊन चालत होतो. ती का उचलली होती, मला माहीत नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते. रजेवर होते की बदली होऊन जागा रिकामी होती, ते आम्हाला कोणी सांगितले नाही. टेबल होते, खुर्ची होती, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल होता. कंपाउंडरने एक इंजेक्शन दिले आणि जिल्ह्याला न्या म्हणाला. गाडी मिळेपर्यंत असरची वेळ झाली. गाडीची गरज उरली नाही.

ही गोष्ट मी शिक्षक झाल्यावर वर्गात सांगायचो. दरवर्षी नाही, पण एखादी तुकडी मन लावून ऐकणारी मिळाली की सांगायचो. शेवटी म्हणायचो, "त्या खुर्चीवर बसणारा डॉक्टर तुमच्यातून व्हायला हवा." या मुलीच्या तुकडीला मी ती गोष्ट सांगितली होती. मेडिकलला प्रवेश मिळाल्यावर ती पेढे घेऊन आली होती आणि म्हणाली होती, "सर, खुर्ची लक्षात आहे."

आणि आता ती खुर्ची सोडून ही मुलगी आफ्रिकेला निघाली होती. आमच्या तालुक्याला आजही पूर्णवेळ बालरोगतज्ज्ञ नाही. मी रागावणार नाही तर काय?

दुसऱ्या दिवशी फोन केला. आईवडिलांची काळजी, लग्न, तब्येत असे फिरून फिरून बोललो आणि मग मुद्द्यावर आलो. "आपल्या तालुक्यात मुलांचा डॉक्टर नाही, आणि तू परक्या देशातल्या मुलांना बरं करायला चाललीस?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, एक विचारू? अब्बा बावीस वर्षं कुवेतला होते. तेव्हा त्यांना कोणी विचारलं होतं का, की आपल्या तालुक्यात ड्रायव्हर नाहीत आणि तू परक्या देशात गाडी चालवायला का चाललास?"

मला पटकन उत्तर देता आले नाही.

"१९९० साली कुवेतवर हल्ला झाला," ती पुढे म्हणाली, "तेव्हा मी अम्मीच्या पोटात होते. दोन महिने अब्बांचा पत्ता नव्हता. मग जॉर्डनला अम्मानहून विमानानं आले. आणि दोन वर्षांनी परत गेले. सगळा मोहल्ला त्यांना सोडायला स्टँडवर आला होता. कमवायला जायचं तर लढाईच्या जागीही जा, आणि मी नऊ महिने हॉस्पिटलमध्ये काम करायला जाते तर सगळ्यांना माझी फिक्र."

कोकणातल्या आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या गावागावांतली पक्की घरे, मशिदींचे मिनार, मुलींची लग्ने, शाळांच्या इमारतीसुद्धा आखाताच्या पैशांवर उभ्या आहेत. मी ज्या शाळेत शिकवतो तिच्या चार वर्गखोल्या दुबई-कुवेतच्या वर्गणीतून झाल्या. परदेशी जाणे ही आपल्याकडे तीन पिढ्यांची रीत. मग हिच्या जाण्यातच मला गद्दारी का दिसावी? ती मुलगी आहे म्हणून? पैसा मिळणार नाही म्हणून? की मी तिला डॉक्टर केले असे मनातल्या मनात धरून तिच्यावर हक्क सांगत होतो म्हणून?

फोन ठेवताना ती एवढेच म्हणाली, "सर, कोटणीसांची गोष्टही तुम्हीच सांगितली होती."

ते खरे होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले. जपानने चीनवर हल्ला केला होता आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले होते. इतर परत आले, कोटणीस तिथेच राहिले आणि १९४२च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी वारले. त्यांच्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले आणि त्यावरून शांतारामबापूंनी १९४६ साली चित्रपट काढला. एका मराठी डॉक्टरची गोष्ट एका उर्दू लेखकाने जगाला सांगितली, म्हणून दोन्ही भाषा शिकवणाऱ्या मला ती फार आवडते. त्याच्याही आधी, १९१२ साली, बाल्कन युद्धाच्या वेळी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी भारतातून वैद्यकीय पथक घेऊन तुर्कस्तानला गेले होते. तेही मी मुलांना सांगत असे. इतिहासातला माणूस गेला की आपल्याला अभिमान वाटतो, घरातला निघाला की आपण स्थळाची चौकशी करतो.

मी तिच्या वडिलांकडे गेलो आणि म्हणालो, "भाईजान, मी तिला अडवू शकलो नाही. मला वाटतं, अडवू नये." त्यांनी माझ्याकडे बघितले आणि म्हणाले, "कुवेतचं बोलली ना तुमच्याशी? मला पण तेच बोलली." मग हसले. तिची आई मात्र बरेच दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

बकरी ईद करून जुलैत ती निघाली. जाण्याआधी पीतज्वराची लस घ्यावी लागते, मलेरिया होऊ नये म्हणून गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. विमानतळ लुंगी नावाच्या गावी आहे आणि राजधानी फ्रीटाउन खाडीच्या दुसऱ्या बाजूला. लोक बोटीने खाडी ओलांडून शहरात जातात. तिचा पहिला संदेश आला तो बोटीतून: "सर, इथेही आधी होडी आहे."

मी नकाशा काढून बसलो. गुलामीतून सुटलेल्या लोकांची वसाहत म्हणून फ्रीटाउन वसले, म्हणून ते नाव. १९६१ साली देश स्वतंत्र झाला. १९९१ ते २००२ अशी अकरा वर्षे यादवी चालली, त्यात हिऱ्यांच्या खाणींचा पैसा ओतला गेला. केनेमा त्याच हिऱ्यांच्या भागात. नकाशात ते माझ्या बोटाच्या पेराएवढे दिसत होते.

पहिल्या महिन्यात तिच्या आईचा एकच प्रश्न असे: "तांदूळ मिळतो ना तिथं?" मिळत होता. तिथल्या लोकांचे भाताशिवाय चालत नाही. भात खाल्ला नसेल तर जेवलोच नाही असे ते समजतात, आपल्यासारखेच. भातावर कसावाच्या पाल्याचे कालवण, त्यात पामचे लाल तेल, सुकी मासळी आणि मिरची. कसावा म्हणजे ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो ते झाड. तिने फोटो पाठवला तेव्हा तिच्या आईने पहिल्यांदा मोबाइल हातात घेऊन मोठा करून बघितला आणि म्हणाली, "सुकटच आहे की."

देशातले बहुसंख्य लोक मुसलमान, पण ख्रिस्तीही बरेच. एकाच घरात दोन्ही धर्मांची माणसे असणे तिथे नवलाचे नाही. रुग्णालयातली सकाळची बैठक सुरू होताना एक मुस्लिम दुआ आणि एक ख्रिस्ती प्रार्थना होई. ती म्हणाली, "सर, पहिल्या दिवशी मला वाटलं माझ्यासाठी मुद्दाम करतायत. नंतर कळलं, रोजचंच आहे." रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण क्रिओ भाषेत विचारतो, "औ दि बॉडी?" म्हणजे तब्येत कशी आहे. त्यावर उत्तर द्यायचे, "दि बॉडी फाइन." आजारी मुलाला पाठीशी बांधून आलेली आईसुद्धा आधी डॉक्टरची तब्येत विचारते.

पण वॉर्डात तब्येत चांगली नव्हती. ती गेली तेव्हा पावसाळा भरात होता आणि पावसाळा म्हणजे मलेरिया. आपल्याला मलेरिया म्हणजे थंडी, ताप आणि कडू गोळी एवढेच माहीत. तिथला मलेरिया बहुतेक फॅल्सिपॅरम जातीचा, आणि लहान मुलांना मारणारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगात मलेरियाने ६ लाख ८ हजार माणसे मेली. त्यातले ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेत, आणि त्यात पाचांतली जवळपास चार मुले, पाच वर्षांच्या आतली.

हे कसे घडते ते तिने मला समजावले. परजीवी रक्तातल्या लाल पेशी फोडतात. मूल आधीच अर्धपोटी, त्यात हिमोग्लोबिन अकरा-बाराऐवजी चार, तीनपर्यंत खाली येते. मूल पांढरे पडते, धापा टाकते. काहींच्या मेंदूवर परिणाम होतो, झटके येतात, शुद्ध हरपते. अशा मुलाला आर्टेसुनेटचे इंजेक्शन द्यायचे: आल्या आल्या एक, बारा तासांनी एक, चोवीस तासांनी एक. पूर्वी क्विनाइन देत. २०१० साली आफ्रिकेतल्या ५,४२५ मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आर्टेसुनेटने क्विनाइनच्या तुलनेत मृत्यू जवळपास पाव हिश्शाने कमी झाले. औषध आहे. ते वेळेत मिळाले तर मूल दोन दिवसांत उठून बसते. जोडीला रक्त द्यावे लागते, आणि रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये रक्त नसेल तर बापाचे, मामाचे, कधी वॉर्डातल्या परिचारिकेचे घ्यावे लागते.

"सर, बाकी सगळं वेळेवर आहे," ती म्हणायची. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायांना सरकारी दवाखान्यात मोफत उपचार द्यायचे, असे धोरण त्या देशाने २०१० सालीच आणले. पण गावातून मोटारसायकलवर यायला पैसे लागतात. पावसात लाल मातीचा रस्ता जातो. आधी झाडपाल्यावाल्याकडे दोन दिवस जातात. मूल येते तेव्हा कधी कधी एक तास उरलेला असतो.

मला वाटत होते, इथली एमडी तिथे गेली म्हणजे ती तिथल्या लोकांना शिकवणार. पहिल्याच महिन्यात तिने माझा हा समज काढून टाकला. तिथे डॉक्टर फार थोडे. तीन वर्षांचे शिक्षण घेतलेले कम्युनिटी हेल्थ ऑफिसर आणि परिचारिका यांच्यावरच खेड्यातला सगळा भार. अशाच एका हेल्थ ऑफिसरने तिला बरेच काही शिकवले. रक्ताचा रिपोर्ट येण्याआधी मुलाचा तळहात आपल्या तळहाताशेजारी धरून रक्त किती कमी आहे ते ओळखायचे. शीर सापडत नसेल तर वेळ न घालवता नडगीच्या हाडात सुई घालायची. "मुंबईत मी हे पुस्तकात वाचलं होतं, त्यानं शेकडो वेळा केलं होतं," ती म्हणाली. "मी नऊ महिन्यांनी जाणार. तो इथंच राहणार. मग डॉक्टर कोण, सांगा."

सप्टेंबरमध्ये एका रात्री तिचा आवाजी संदेश आला. मी तो फजरला ऐकला. पाच वर्षांची मुलगी, तीन दिवसांचा ताप, सकाळपासून झटके. बाप तिला मोटारसायकलवर आणि पुढे पाण्यातून खांद्यावर घेऊन आला होता. हिमोग्लोबिन तीन. बापाचे रक्त जुळले. आर्टेसुनेट, ग्लुकोज, झटक्यांचे औषध, ऑक्सिजन. मध्यरात्रीपर्यंत ती आणि परिचारिका तिच्या खाटेशी होत्या. संदेशाच्या शेवटी ती म्हणाली, "सर, मला तुमच्या बहिणीचं नाव माहीत नाही. तुम्ही वर्गात कधी सांगितलं नाही. दुआ करा."

मी शाळेला जाईपर्यंत तो संदेश चार वेळा ऐकला. तीन दिवसांचा ताप, झटके, पाणी, खांद्यावर घेतलेले मूल. मी तिला माझ्या बहिणीचे नाव कळवले. त्या दिवशी तासाला काय शिकवले, आठवत नाही.

दोन दिवसांनी फोटो आला. चेहरा दिसत नव्हता. रुग्णांचे चेहरे ती कधी पाठवत नसे. एका लहान हातात चमचा आणि पुढे भाताची ताटली.

सगळ्याच ताटल्या अशा आल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्याच आठवड्यात तिने तीन मुले गमावली. एकाची आई रडली नाही, तिने मुलाला पाठीशी तसेच बांधले जसे आणले होते, आणि चालत निघून गेली. ती म्हणाली, ते पाहिल्यावर पुढच्या खाटेकडे जायला तिला दोन मिनिटे लागली. दोनच मिनिटे, कारण पुढची खाट थांबत नाही.

पावसाळा सरल्यावर दुसरी काळजी सुरू झाली, लासा तापाची. १९६९ साली नायजेरियातल्या लासा गावात हा विषाणू प्रथम सापडला, म्हणून ते नाव. घरात, धान्यात शिरणाऱ्या एका जातीच्या उंदराच्या मूत्राने तो पसरतो. सुरुवात अगदी मलेरियासारखी. मलेरियाचे औषध देऊनही ताप उतरला नाही तर संशय घ्यायचा. वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना बहिरेपण येते. आणि रुग्णाच्या रक्तातून तो डॉक्टर-परिचारिकांना होऊ शकतो.

केनेमाच्या सरकारी रुग्णालयात लासाचा वेगळा विभाग आहे. तिथली दोन नावे तिने मला सांगितली. ती मी याआधी ऐकली नव्हती याची मला लाज वाटली. डॉ. अनिरू कॉन्टेह यांनी वर्षानुवर्षे, यादवीतसुद्धा, लासाचे रुग्ण सांभाळले. २००४ साली रुग्णाची सुई त्यांना टोचली आणि त्याच तापाने ते गेले. त्यांच्यामागे तो विभाग डॉ. शेख उमर खान यांनी हाती घेतला. २०१४च्या मे महिन्यात सिएरा लिओनमध्ये इबोलाचा पहिला रुग्ण केनेमातच निश्चित झाला. लोक रुग्णालयाला घाबरत होते, कर्मचारी मरत होते. डॉ. खान वॉर्डात जात राहिले. जुलैत त्यांनाच लागण झाली आणि २९ जुलै २०१४ रोजी, एकोणचाळिसाव्या वर्षी, ते वारले. त्या साथीत त्या एका देशात जवळपास चार हजार माणसे मेली. केनेमातल्या परिचारिका आणि सफाई कामगारही त्यात होते.

मी तिला विचारले, "तुला भीती वाटत नाही?" ती म्हणाली, "वाटते. पण सर, मला करार संपला की विमान आहे. त्यांना कुठं विमान होतं?"

परदेशातून मदतीला गेलेल्यांच्या गोष्टी मी आयुष्यभर सांगितल्या. कोटणीस, अन्सारी. ते मोठेच आहेत. पण जे कुठे गेलेच नाहीत, आपल्याच गावच्या खुर्चीवर बसून राहिले आणि तिथेच मेले, त्यांची गोष्ट सांगायला मला माझ्या विद्यार्थिनीने शिकवले. मी तिला टोमणा मारत होतो की तू आपली खुर्ची सोडलीस. ती तिथे जाऊन खुर्ची न सोडणाऱ्यांकडून शिकत होती.

रमजानमध्ये ती तिथेच होती. इफ्तारला वॉर्डातल्या ख्रिस्ती परिचारिकाही बसत. २०२३च्या एप्रिलमध्ये, ईदनंतर, ती परत आली. सहा किलो वजन कमी झाले होते. आईने पंधरा दिवस तिला घराबाहेर पडू दिले नाही.

ती तालुक्याच्या खुर्चीवर बसली असे मला लिहिता आले असते तर बरे झाले असते. तसे झाले नाही. तिने अर्ज केला होता. कंत्राटी जागा, सहा-सहा महिन्यांचे आदेश, नवजात मुलांसाठीचे यंत्र बंद. दोन महिने फाइल फिरली आणि मग ती जिल्ह्याच्या गावी एका रुग्णालयात रुजू झाली. महिन्यातून दोन शनिवारी मात्र ती आमच्या भागात येते. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आणि आशाताईंना एकत्र बसवून शिकवते. तळहात कसा बघायचा, श्वास कसा मोजायचा, झटके आलेल्या मुलाला कुशीवर कसे ठेवायचे. मी एकदा मागे बसून ऐकले. ती सारखी म्हणत होती, "हे मला तिथल्या एका हेल्थ ऑफिसरनं शिकवलं." आमच्या तालुक्यातल्या आशाताईंच्या हाती केनेमाचे ज्ञान असे आले.

त्याच दिवशी मी तिला पहिल्यांदा विचारले, "माझ्या बहिणीला काय झालं असेल?" ती डॉक्टरसारखे बोलली, विद्यार्थिनीसारखे नाही. म्हणाली, "सर, सांगता येणार नाही. मलेरिया असेल, मेंदूज्वर असेल, नुसते तापातले झटकेही असतील. तपासलंच नाही तर कळणार कसं?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण खुर्चीवर कोणी असतं तर तपासलं तरी असतं." पस्तीस वर्षे मी अम्मीच्या "अल्लाहची अमानत होती" या शब्दांवर झोपत आलो होतो. ते शब्द मी सोडलेले नाहीत. पण हेही उत्तर मला हवे होते.

२०२४च्या एप्रिलमध्ये सिएरा लिओनने मलेरियाची लस मुलांच्या नियमित लसीकरणात आणली. तिने मला बातमी पाठवली आणि खाली लिहिले, "दुसरी लस पुण्यात बनते, माहीत आहे ना?" माहीत नव्हते. ऑक्सफर्ड विद्यापीठाने तयार केलेली आर-२१ ही लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. २०२३च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. लस पूर्ण कवच नाही, मच्छरदाणी आणि औषध लागणारच. पण म्हणजे इथून तिथे जाणारी ही एकटी नाही.

तिचा पुढच्या वर्षी पुन्हा जाण्याचा विचार आहे. या वेळी तिच्या आईने मला बोलावले नाही. परवा रस्त्यात भेटल्या, तेव्हा मीच विचारले. म्हणाल्या, "जाऊ दे सर. तिथं भात मिळतो."

यंदाच्या नववीला मी पुन्हा बहिणीची गोष्ट सांगितली. या वेळी तिचे नावही सांगितले. शेवटचे वाक्य मात्र बदलले. "त्या खुर्चीवर बसणारा तुमच्यातून व्हायला हवा" हे म्हणालोच, पण पुढे म्हणालो की खुर्च्या पुष्कळ ठिकाणी रिकाम्या आहेत, जिथे बसाल तिथे मूल येणारच आहे. एका मुलाने हात वर करून विचारले, "सर, तिथल्या त्या डॉक्टरांचं पूर्ण नाव काय होतं?" मी फळ्यावर उर्दूत आणि मराठीत, दोन्ही लिपींत लिहिले: डॉ. शेख उमर खान. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले.